नवा लॅपटॉप, जुनी बिलं: ऑफिस कुठलं टाकू?

खजिनदारबाई

मंडळी, डोंबिवली पूर्वेला आमची ५८ फ्लॅटची सोसायटी आहे. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा ‘तुम्हाला हिशेबाची सवय आहेच’ असं म्हणून खजिनदारी गळ्यात घातली, ती नऊ वर्षं झाली तरी उतरलेली नाही.

जूनमध्ये दोन दिवस वीज सारखी जात-येत होती, त्यात माझा जुना डेस्कटॉप गेला. त्यावर विंडोज ७ आणि ऑफिस २०१० होतं. हार्ड डिस्क वाचली, फायली सगळ्या पेन ड्राइव्हवर आल्या. मुलाने विंडोज ११चा लॅपटॉप आणून दिलाय. त्यात ऑफिसची महिन्याभराची ट्रायल आहे, आणि रोज सकाळी ती मला किती दिवस उरले ते सांगते. ट्रायल संपायच्या आत ठरवायचंय: दरवर्षी पैसे भरायचे, एकदाच काय ते विकत घ्यायचं, की फुकटातलं लिब्रेऑफिस टाकायचं?

माझं काम फार नाही, पण नेमकं आहे. एक्सेलमध्ये ५८ ओळींची यादी आहे: फ्लॅट, नाव, मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग, थकबाकी, थकबाकीवर व्याज. त्यावरून वर्डमध्ये मेल मर्ज करून, म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीचं वेगळं बिल आपोआप भरून, तिमाही बिलं छापते. बिलावर ‘अक्षरी रुपये’ मराठीत येतात, त्यासाठी माझ्या आधीच्या खजिनदारांच्या भाच्याने कसलासा मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून ठेवलाय. तो भाचा आता कॅनडात आहे. बाकी नोटिसा, सभेची इतिवृत्तं, सगळं मराठीत.

घाई न करता आधी लिब्रेऑफिस टाकून पाहिलं. वार्षिक सभेची नोटीस उघडली तर एका पानाची दोन पानं! अक्षरं ही एवढाली, कार्यसूचीचा शेवटचा विषय आणि सचिवांची सही पुढच्या पानावर. नऊ वर्षं तीच नोटीस तारीख बदलून छापतेय, कधी एक ओळ हलली नव्हती. म्हणजे फुकट ते असंच, असं समजायचं का?

कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, ‘काकू, चारशे रुपयांत ऑफिस चालू करायची लाइफटाइम की टाकून देतो.’ पावती द्याल का विचारलं तर नुसता हसला.

चहाबिस्कीट

लिब्रेऑफिस टाका, विषय संपला. दहा वर्षं वापरतोय, एक रुपया दिलेला नाही.

कानामात्रा

चहाबिस्कीट, विषय संपला कसा? त्यांची नोटीस दोन पानांवर गेली आहे ना!

खजिनदारताई, एक काम करा. तीच फाइल ट्रायलवाल्या वर्डमध्ये उघडून बघा, आणि नोटिशीचा फाँट कुठला आहे तेवढं इथे सांगा. मला वेगळाच संशय येतोय.

खजिनदारबाई

उघडली. वर्डमध्येसुद्धा दोनच पानं! हे मला सुचलंच नाही. फाँटच्या चौकटीत ‘कोकिला’ लिहिलंय, साइज १८.

कानामात्रा

तेच म्हटलं. मग बिचाऱ्या लिब्रेऑफिसला उगाच बोल लावलात. मी पुण्यात मुद्रितशोधन करते, दर दोन महिन्यांनी कोणीतरी हीच तक्रार घेऊन येतं.

कोकिला विंडोज ७मध्ये मुळातच असायचा. हा फाँट अंगाने फार बारीक आहे. त्याचा १८ म्हणजे इतर फाँटांचा बारा-तेरा धरा, म्हणून तर तुम्ही १८ ठेवला असणार. विंडोज १०पासून मायक्रोसॉफ्टने कोकिला, मंगल, अपराजिता, उत्साह ही सगळी मंडळी मूळ सामानातून काढून वेगळ्या पुडक्यात बांधली. नव्या मशीनवर देवनागरीसाठी निर्मला यूआय तेवढा असतो. फाइल कोकिला मागते, तो सापडत नाही, मग प्रोग्रॅम दुसरा फाँट घेतो आणि साइज मात्र १८च ठेवतो. चौकटीत नाव कोकिलाचंच दिसत राहतं, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे ऑप्शनल फीचर्स, आणि त्यात ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ शोधून टाका. इंटरनेट चालू हवं. मग फाइल पुन्हा उघडा.

आणि मराठी टाइप कशात करायचात? जुन्या मशीनवर वेगळं काही टाकलं असेल तर ते शोधत बसू नका. विंडोजमध्येच आता मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, २०१९च्या अपडेटपासून. भाषांच्या यादीत मराठी जोडली की मिळतो.

खजिनदारबाई

एक पान!!! सही जागच्या जागी. कानामात्राताई, तुमच्या तोंडात साखर पडो.

पण आता दुसरंच निघालंय. २०११ ते २०१४ची इतिवृत्तं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पुडकं टाकूनही तशीच.

कानामात्रा

ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या घराण्यातली. शिवाजी, किंवा त्याच्यासारखा कुठला तरी फाँट असेल. त्यात ‘क’ म्हणून ‘क’ साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फाँट त्याला ‘क’चा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की खिचडी. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये तो फाँट सापडेल, तो नव्या मशीनवर टाकलात की वाचता येईल. पण एकदा बसून कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं, रफार नीट तपासा, तिथेच घोळ होतो. पैसे देऊन घेतलेल्या ऑफिसमध्येही ही खिचडी खिचडीच दिसेल. इतिवृत्तं आहेत, उद्या पुनर्विकासाची भानगड निघाली तर लोक २०१२चा ठराव मागतील.

चौथा मजला

आता मूळ प्रश्नाकडे. मीही सोसायटीचा सचिव होतो, ठाण्यात.

परवान्यांचं एक कलम कोणी वाचत नाही. तुमचं ऑफिस २०१० ‘होम अँड स्टुडंट’ होतं का? तसं असेल तर ते घरच्या कामापुरतं होतं. धंदा सोडाच, ना-नफा संस्थेच्या कामालाही त्यात परवानगी नव्हती, म्हणजे तुमची बिलंसुद्धा आली. शिवाय २०१०चे सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२०मध्येच बंद झालेत, तेव्हा जुनी सीडी शोधत बसू नका. एकदाच पैसे भरून मिळणाऱ्या ऑफिस २०२४मध्येही ‘होम’ आणि ‘होम अँड बिझनेस’ असे दोन प्रकार आहेत, सोसायटीसाठी दुसरा. वर्गणीवाल्या पर्सनल आणि फॅमिलीचंही ‘होम’सारखंच, घरच्या वापरापुरतं. लिब्रेऑफिसला असली अट नाही, सोसायटीत वापरा नाहीतर दुकानात.

वर्गणी संपली तर फायली उघडतात, छापताही येतात, पण बदलता येत नाहीत. बिलं काढायच्या दिवशी हे कळलं तर पंचाईत. आणि ती वर्गणी कोणाच्या ईमेलवर? आमच्याकडे ती तेव्हाच्या खजिनदाराच्या मुलीच्या नावावर होती. कमिटी बदलली, आणि नव्या खजिनदाराला पासवर्ड मागायला तिच्या सासरी फोन करावा लागला. थट्टा नाही करत.

चारशेची की नको. चार महिन्यांनी बंद पडली तर तक्रार कोणाकडे नेणार, आणि पावतीशिवाय तुम्ही ती खर्चात दाखवणार कशी?

चहाबिस्कीट

म्हणजे लिब्रेऑफिसच ना? मी तेच म्हणत होतो.

चौथा मजला

निम्मंच म्हणालात. मेल मर्ज कोण सांगणार?

वर्डमधलं मर्ज लिब्रेऑफिसमध्ये उघडतं, रकाने दिसतात, पण यादीशी असलेला धागा तुटलेला असतो. तो एकदा बांधावा लागतो. रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या वर्डमध्ये, फाइल, विझार्ड्स, ॲड्रेस डेटा सोर्स. तिथे ‘अदर एक्स्टर्नल डेटा सोर्स’ घेऊन तुमची एक्सेलची यादी दाखवा आणि तिला नाव द्या. मग कंट्रोल-शिफ्ट-एफ४ दाबलं की वर यादी उघडते. ‘थकबाकी’ या रकान्याचं डोकं माउसने धरून बिलात योग्य जागी आणून सोडायचं. छापायला गेलात की तो विचारतो, फॉर्म लेटर छापायचं का? हो म्हणा. यादीत पहिली ओळ रकान्यांच्या नावांचीच हवी. वर सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक अनेक सेल एकत्र जोडून लिहिला असेल तर ती ओळ काढा, नाहीतर डोकंच सापडत नाही त्याला.

लाखांचे स्वल्पविराम चुकत असतील तर सेलच्या फॉरमॅटमध्ये भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ करा, १,२५,००० नीट दिसेल. आणि फाइल कायम एक्सेलच्याच प्रकारात सेव्ह होईल असं ऑप्शन्समध्ये ठरवून टाका, म्हणजे ऑडिटर कुरकुरणार नाही.

गूगल शीट्स आम्ही वर्षभर वापरलं. थकबाकीची यादी कमिटीतल्या सगळ्यांना एकाच वेळी दिसते, हे खरंच सुख आहे. पण गूगल डॉक्समध्ये मेल मर्ज मुळात नाही, बाहेरच्या कोणी बनवलेलं ॲड-ऑन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, जोडावं लागतं. ५८ लोकांची नावं आणि थकबाकी असल्या ॲड-ऑनच्या हवाली करायला माझं मन धजलं नाही.

खजिनदारबाई

होम अँड स्टुडंटच होतं. नऊ वर्षं बेकायदा बिलं काढली म्हणायची! बँकेतल्या माझ्या साहेबांना कळलं तर चहा बंद होईल माझा.

चौथा मजला, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. पहिल्यांदा ५८च्या ५८ बिलांवर १०१चंच नाव आलं, कारण मी रकान्याचं डोकं न धरता आतलं नाव धरलं होतं. दुसऱ्यांदा जमलं. एक मात्र आहे, २०३चं व्याज २१२.४९९९९९ असं छापून आलं. ते वर्डमध्येही यायचं, तेव्हा मी पेनने खोडायचे.

अडलंय ते ‘अक्षरी रुपये’पाशी. मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये चालत नाही, रकान्यात नुसती एरर येते.

चौथा मजला

व्याजाच्या सूत्राला बाहेरून राउंड हे आकडा पूर्णांकित करणारं सूत्र लावा, पेन खिशात राहू दे.

मॅक्रो सोडूनच द्या. मराठी आकड्यांना नियम नाही, पंचवीसनंतर सव्वीस आणि पस्तीसनंतर छत्तीस, त्यामुळे ते पाठच करावे लागतात, कॉम्प्युटरलासुद्धा. नव्या शीटवर १ ते ९९ आणि शेजारी शब्द, अशी यादी हाताने लिहा. मग रकमेतून हजार, शेकडा आणि उरलेले रुपये असे तीन तुकडे वेगळ्या रकान्यांत काढायचे आणि प्रत्येकाचा शब्द व्ही-लुकअप या शोधून आणणाऱ्या सूत्राने यादीतून उचलायचा. तुकडा शून्य असेल तर जागा रिकामी. शेवटी ‘फक्त’ जोडा. मॅक्रो नाही, त्यामुळे एक्सेल, लिब्रे, गूगल, कुठेही चालेल. पुढच्या खजिनदाराला कॅनडाला फोन लावायला नको.

खजिनदारबाई

काल रात्री जेवणं झाल्यावर यादी लिहायला बसले. आज दुपारी सगळी बिलं छापून झाली, वॉचमन घरोघर टाकतोय. कमिटीला सांगितलंय, सध्या लिब्रेऑफिस, आणि सोसायटीच्या नावाचा एक ईमेल काढायचा, पासवर्ड लखोट्यात घालून सचिवांच्या कपाटात. ट्रायल संपू दे खुशाल.

एकच वाद घरात मिटलेला नाही. मी यादीत ७९ला ‘एकोणऐंशी’ लिहिलंय, आमचे हे म्हणतात ‘एकुणऐंशी’. चेकवर मी तीस वर्षं वाचलंय दोन्ही.

कानामात्रा

एकोणऐंशी. ८९ला एकोणनव्वद. ९९ला मात्र नव्याण्णव, तिथे यजमानांना एकोणशंभर लिहू देऊ नका.