सिस्टरांच्या हॉस्टेलवर राहू का? आप्पांना कसं सांगू? (बी.कॉम. पहिलं वर्ष, बेळगाव)

जांबोटीकडची

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. दहावीपर्यंत गावात मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) खानापुरात, आणि आता बेळगावात कॅम्पातल्या एका लहान मिशनरी कॉलेजात बी.कॉम.ला आहे. आमच्या वर्गात इतकी कमी मुलं आहेत की एक दिवस नाही गेलं तरी सिस्टर दुसऱ्या दिवशी नाव घेऊन विचारतात.

सुरुवातीला हजेरीला ‘येस मिस’ म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. आमच्याकडे रोज सकाळी एका मुलाने उभं राहून दोन मिनिटं बोलायचं असतं. माझी पाळी आली तेव्हा मी रोप लावणीवर बोलले. चिखलात पाय रुतलेले असताना बायका ओळ सरळ कशी धरतात, ते. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, मधेमधे मराठी आलं, पण सगळे ऐकत होते. नंतर बैलहोंगलची एक मुलगी येऊन विचारायला लागली की इतकं पाणी शेतात उभं का ठेवता. तिच्याकडे काळी जमीन, ज्वारी आणि हरभरा. तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड जेमतेम. आता ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. मी तिला अकाउंट्स समजावते, ती माझं कन्नड सुधारते.

दिवाळीत आप्पांबरोबर नाडकचेरीत, म्हणजे आमच्या भागातल्या महसूल कचेरीत, गेले होते. पहाणीत (जमिनीच्या उताऱ्यात) नावाची दुरुस्ती होती. आप्पा नेहमीसारखे दाराजवळ थांबले. मी आत जाऊन कन्नडमध्ये बोलले, अर्ज भरला, पोच घेतली. आप्पा काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर आईला दोनदा सांगितलं.

आता अडचण. वादविवादाचा सराव, कॉमर्स क्लब, लायब्ररीत बसून अभ्यास, हे सगळं चारनंतर असतं. बायकांना सरकारी बस फुकट असलेल्या शक्ती योजनेमुळे बसला पैसे पडत नाहीत, पण गावाकडची बस धरायची तर मला लेक्चर संपताच पळावं लागतं. सिस्टर म्हणाल्या, दुसऱ्या सेमिस्टरला हॉस्टेलमध्ये जागा आहे. मला जायचंय, मनापासून. पण आप्पा माळकरी आहेत. घरी रोज हरिपाठ असतो. ते म्हणतात, “तिथं राहिलीस की तू त्यांची होशील.” व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला सिस्टरांनी रात्री पाच मिनिटं दिवसाचा आढावा लिहायला शिकवलंय. मी ते बसमध्येच लिहिते. आप्पांना तेसुद्धा ख्रिस्ती प्रार्थना वाटते.

अशा हॉस्टेलवर कुणी राहिलंय का? प्रार्थनेची सक्ती असते का? आणि आप्पांशी कसं बोलू?

चंदगडची_लेक

मी तीन वर्षं अशाच हॉस्टेलवर काढली. संध्याकाळी चॅपेलमध्ये रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असायची. कॅथलिक मुली जायच्या, आम्ही बाकीच्या अभ्यासाला बसायचो. चल म्हणून कधी कुणी ओढलं नाही. एकादशीला आधी सांगितलं की दूध, केळी, शेंगदाणे मिळायचे. पण सगळीकडे असंच असेल असं नाही, आधी विचारून घे. फोन रात्री जमा करावा लागायचा, गेट लवकर बंद व्हायचं आणि पहिला महिना फार जड गेला.

एक मात्र सांगते. आप्पांना “मी बदलणार नाही” असं वचन देऊ नकोस. बदलली आहेसच. नाडकचेरीत आत जाऊन बोलली ती ही बदललेलीच मुलगी होती, आणि तिचं आप्पांना कौतुक वाटलंय. तेच त्यांच्यासमोर ठेव.

निवृत्त_मास्तर_टिळकवाडी

बाळ, सक्तीबद्दल नेमकं सांगतो. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही स्वतःच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान (वयाने अठराखालचा) असेल तर पालकांची संमती लागते. अल्पसंख्याकांना कलम ३० ने संस्था चालवायचा हक्क दिलाय, पण हे बंधन त्यांनाही आहे. आपल्या गावाला या शाळा नव्या नाहीत. कॅम्पातलं सेंट पॉल्स १८५६ पासून चालू आहे, आणि बेळगावातल्या किती हिंदू-मुसलमान घरांतली मुलं तिथून शिकून बाहेर पडली.

खर्चाचंही बघ. मागासवर्गीय विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राज्य सरकारच्या विद्यासिरी योजनेतून राहण्या-जेवणासाठी दरमहा मदत मिळते. अर्ज एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव.

कॅम्पातला_पिंटो

मी कॅथलिक, घरी कोंकणी बोलतो. तो रात्रीचा आढावा जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांच्या परंपरेतून आलाय, सोळाव्या शतकातला. आमच्याकडे तो देवासमोर बसून करतात, ती प्रार्थनाच आहे, त्यामुळे आप्पांना वाटतं ते अगदीच चूक नाही. तुझ्या वहीत तू कुणासमोर बसतेस ते तुझं तू ठरव. वही आप्पांना वाचून दाखव, लपवू नकोस.

आणि त्यांना फादर स्टीफन्सबद्दल सांग. इंग्लंडचा हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि येशूची कथा त्याने ओवीत लिहिली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. धर्मप्रसारासाठीच लिहिलं, हे झाकायचं कारण नाही. पण ज्ञानोबांची ओवी रोज कानावर पडणाऱ्या माणसाला ती चाल लगेच ओळखू येईल. आप्पांना एकदा कॉलेजात घेऊन ये.

जांबोटीकडची

ताई, सर, दादा, मनापासून आभार. काल वही वाचून दाखवली. मळणीच्या दिवशी मी आईवर चिडले होते, ते त्यात होतं. आप्पांनी पुढचं पान वाचायला सांगितलं. हॉस्टेलला अजून हो म्हणाले नाहीत, पण शनिवारी सिस्टरांना भेटायला येतो म्हणालेत. माळ घालूनच येणार, असंही म्हणाले. मी म्हटलं, मग काय काढून येणार होता का?

सर, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतच मिळतो ना? आणि विद्यासिरीला वर्षाच्या मध्ये अर्ज घेतात का, की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल?