स्टर्लिंग इंजिनचा पिस्टन गरम झाला की अडकतोय, कुठलं मटेरियल वापरू?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

घरी छोटं स्टर्लिंग इंजिन (बाहेरून उष्णता दिली की आतली हवा फुगून-आकसून चालणारं) बनवलंय. सिलिंडर म्हणजे काचेच्या सिरिंजचा बाहेरचा भाग, बोअर (आतला व्यास) १६ मिमी, आत अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, मीच लेथवर काढलेला. थंड असताना इतका मस्त बसतो की खालचं तोंड बोटाने बंद केलं तर हवेवर तरंगतो, बोट काढलं की टपकन खाली. पण स्पिरिटचा दिवा लावला की दोन-तीन मिनिटं झकास फिरतं आणि मग फ्लायव्हील जड होत होत बंद, गार झालं की परत चालू.

आधी वाटलं घर्षण असेल, म्हणून मशीन ऑइलचा एक थेंब टाकला तर पाच फेऱ्यांतच थांबलं, तेलाच्या चिकटपणातच बिचाऱ्याची सगळी ताकद गेली. (ते पुसण्यात अख्खी संध्याकाळ गेली, कोणी करू नका.)

मग हिशोब मांडला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला लाखात २.३ भाग फुगतं, सिरिंजची बोरोसिलिकेट काच फक्त ०.३३. म्हणजे ६० अंश वाढले की पिस्टन ०.०२२ मिमी मोठा आणि सिलिंडर जेमतेम ०.००३. पिस्टन आणि सिलिंडरमधली माझी फटच मुळात ०.०२ च्या आसपास, अडकणारच ना!

टेफ्लॉन सगळ्यात गुळगुळीत, पण ते याच तापमानाला ०.१ मिमीच्या वर फुगेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. बीड (ओतीव लोखंड) कोरडंही बरं सरकतं कारण त्यात ग्रॅफाइट असतंच, पण वजन अ‍ॅल्युमिनियमच्या अडीचपट. राहिलं ग्रॅफाइट, हलकं आणि फुगण्यात काचेच्या बरंच जवळ, पण पिस्टनला दांडा जोडणाऱ्या पिनचं भोक पाडताना फुटेल अशी भीती वाटते. मोटरच्या कार्बन ब्रशमधून पिस्टन काढला तर चालेल का?

---

ग्रॅफाइटच घ्या. ब्रश नको, बऱ्याच ब्रशमध्ये तांबं मिसळलेलं असतं, ईडीएमच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशीनच्या) इलेक्ट्रोडचं बारीक दाण्याचं ग्रॅफाइट बघा. पिन थेट त्यात घालू नका, आत अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा एपॉक्सीने चिकटवा आणि तो थोडा सैल ठेवा, घट्ट ठोकलात तर तोच फुगून पिस्टन फोडेल. शेवटचा हात पॉलिश पेपरने नको, त्याचे कण ग्रॅफाइटमध्ये रुतून बसतात आणि काचेला ओरखडे पाडतात, साध्या कागदावर घासा. टर्निंग करताना मास्क लावा, आणि ती काळी पूड वीज वाहून नेते, लेथच्या स्विचमध्ये जाऊ देऊ नका.

---

धन्यवाद दादा, सैल ठेवायचं डोक्यातच आलं नसतं, मी ठोकूनच बसवणार होतो. आणि तेलाचा अंश राहिलेला सिलिंडर चालेल की नवीनच घेऊ?