सुई, गोळी की नाकातला फवारा: मेंदूला फरक पडतो का?

महाद्वाररोडकर:
आमच्या औषधाच्या दुकानात येणाऱ्या अनेकांचा ठाम समज असतो, की गोळीपेक्षा सुईने जास्त गुण येतो. मेंदूवर काम करणाऱ्या औषधांबाबत तरी मला हा समज फसवा वाटतो. रेणू तोच आणि ग्राहीही (पेशीवर तो रेणू जिथे चिकटून काम करतो त्या जागा) तेच. मार्गाने फार तर वेळ बदलते, आणि रक्तातील पातळी सारखी राखली तर परिणामही सारखाच होतो.

औषधशास्त्र_राजारामपुरी:
‘फार तर वेळ’ म्हणून आपण मुख्य मुद्दाच बाजूला सारलात. सिगारेटच्या झुरक्यातील निकोटीन फुप्फुसांतून रक्तात उतरून साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते, तर त्वचेवरील पट्टीतून त्याची पातळी चढायला काही तास लागतात. म्हणून पहिल्या मार्गाने व्यसन जडते आणि दुसरा ते सोडवण्यासाठी वापरतात. शिवाय रेणू तोच राहतो, हेही नेहमी खरे नसते. केटामाइन हे भूल देण्याचे औषध पोटात घेतल्यास यकृतात त्याचे बरेचसे नॉरकेटामाइन होते आणि मूळ औषधाचा सुमारे पाचवा हिस्साच रक्तात पोहोचतो. नॉरकेटामाइनही क्रियाशील असल्याने मेंदूच्या वाट्याला निराळेच मिश्रण येते.

महाद्वाररोडकर:
केटामाइनचा मुद्दा वजनदार आहे. निकोटीनचा मात्र वेगाचाच, म्हणजे माझ्याच म्हणण्यात बसणारा. मार्गाचे माहात्म्य किती वाढवतात पाहा: नाकातून दिलेले औषध रक्ताला टाळून थेट मेंदूत शिरते, असे सर्रास लिहिले जाते. फिट आलेल्या माणसाला मिडाझोलामचा फवारा मोलाचा ठरतो, कारण झटके चालू असताना शीर शोधावी लागत नाही. परंतु तोही मुख्यतः नाकाच्या अस्तरातून रक्तात जाऊनच मेंदू गाठतो. गंधचेतेच्या (नाकातून मेंदूकडे वासाची जाणीव नेणाऱ्या नसेच्या) थेट वाटेचा पुरावा बराचसा उंदरांवरचा आहे.

औषधशास्त्र_राजारामपुरी:
फवाऱ्याबद्दल आपले बरोबर आहे. पण बॅक्लोफेनचे काय? रक्त आणि मेंदू यांमधील अडथळा ते जेमतेम ओलांडते, म्हणून स्नायूंचा तीव्र ताठरपणा असलेल्या निवडक रुग्णांना ते पंपाने थेट मेरुद्रवात (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) देतात, तेही तोंडी मात्रेच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यात. रक्तात ते नावापुरते आढळते, आणि गोळ्यांनी न हटलेला ताठरपणा उतरतो. (त्याचे काम मुख्यतः मज्जारज्जूवर चालते, तरी अडथळा त्याच जातीचा.) मग रक्तातील पातळीचा आपला नियम उरतो कुठे?

शाहूपुरीचा_वाचक:
वडिलांना कंपवात आहे. लेव्होडोपाची गोळी तीच, मार्गही तोंडाचाच, तरीही रविवारी मटणाच्या जेवणाबरोबर घेतली तर तिचा असर उशिरा आणि कमी जाणवतो. प्रथिनांतील काही अमिनो आम्ले आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवरही पलीकडे नेणाऱ्या त्याच वाहकांसाठी लेव्होडोपाशी स्पर्धा करतात, असे डॉक्टरांनी सांगितले. याला मार्गाचा परिणाम म्हणायचे की मात्रेचा?

महाद्वाररोडकर:
आतड्यात अडले तेवढे मात्रेचे. वेशीवर जे अडते ते मात्र रक्तातील पातळी मोजून दिसणार नाही, त्यामुळे माझा नियम तिथे लंगडा पडतो. वडिलांची गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास देता येईल का, हे त्याच डॉक्टरांना विचारा. रस्सा बंद करण्याची घाई नको.