मदत हवी आहे: थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर मधोमध काय मांडू?

बॉस्टनजवळ राहते. यंदा थँक्सगिव्हिंगचं (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) जेवण आमच्याकडे आहे, दहा पानं. टेबलाच्या मध्यभागी प्लास्टिकच्या पानांचं तयार सेंटरपीस नकोय. ऑक्टोबरच्या मध्यावर शुगर मेपलची लालभडक पानं हौसेने गोळा करून टोपलीत ठेवली, तर आठवड्याभरात त्यांच्या सुरळ्या झाल्या. हात लावला की चुरा! आता बाहेर झाडं बोडकी, फक्त ओकची तपकिरी पानं फांद्यांना चिकटून आहेत. घरात पाइनकोन, डबाभर एकॉर्न (ओकची फळं), एक मध्यम भोपळा आणि अंगणातल्या हायड्रेंजाचे सुकलेले गुच्छ आहेत. साबांना (सासूबाईंना) त्यात पणत्या हव्यात. शोभेचं व्हावं, पसारा दिसू नये. पानं टिकवायला ग्लिसरीन वापरतात असं कुठेतरी वाचलंय, ते करू का?

प्रतिसाद १:
ग्लिसरीनला उशीर झाला गं. डहाळी हिरवी असताना, पाणी ओढत असतानाच एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी असं त्यात उभी करायची असते. पुढच्या वर्षी मेपलची पानं उचलल्या दिवशीच जाड पुस्तकात दाब. लहानपणी पिंपळपान ठेवायचो तसं, फक्त मध्ये कागद घाल, नाहीतर पुस्तकाला डाग पडतात. यंदा ओकच्या डहाळ्याच घे. तपकिरी रंग वाईट दिसत नाही, उलट भोपळा त्यावर उठून दिसतो.

प्रतिसाद २:
एकॉर्न आधी भाजा!! त्यात अळ्या असतात, त्या भोक पाडून बाहेर येतात. पाइनकोन फॉइलवर पसरून ओव्हनमध्ये २०० फॅरनहाइटला अर्धा तास. चीक वितळून चकाकी येते, मिटलेले उमलतात. ओव्हनसमोरून हलू नका. भोपळा कोरून त्याची फुलदाणी केलीत तर त्यात थेट पाणी घालू नका, आत काचेची बरणी बसवा. आणि कोरायचा तो आदल्या दिवशी, आधी कोरलात तर बुरशी येते.

प्रतिसाद ३:
उंची फुटाच्या आत ठेवा, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. माझ्या मते लांबट मांडणी करा. गोल केलीत तर भाजीची भांडी ठेवायला जागा उरत नाही. रस्त्याकडेच्या केशरी फळांच्या वेली मोह झाला तरी आणू नका. ती बहुधा ओरिएंटल बिटरस्वीट, झाडांना आवळून मारते. मॅसॅच्युसेट्समध्ये तिच्या विक्रीलाही बंदी आहे. आणि सुक्या पानांत पेटती पणती? अजिबात नको. साबांच्या पणत्या खिडकीत मांडा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. एकॉर्नचा डबा उघडला, तळाशी तीन गुबगुबीत पांढऱ्या अळ्या! उरलेले भाजायला टाकलेत. पणत्यांची वाटाघाट झाली: पितळी ताटात पाणी, त्यात पणत्या, ताट खिडकीत. आता एकच राहिलं, हायड्रेंजाच्या पाकळ्या झडून जेवणात पडू नयेत म्हणून केसांचा स्प्रे मारतात म्हणे. अन्नाजवळ ते नको वाटतं. कुणी दुसरं काही केलंय का?