गिरगावातले कर्णे आणि लेसरचा कंगवा

ताई, तुम्ही विचारलंत की प्रकाश रेडिओ सिग्नल गाळणार, म्हणजे हव्या फ्रिक्वेन्सी ठेवून बाकीच्या काढणार, तरी कसा. सगळी करामत उशिराची आहे.

आमच्या गिरगावात गणपतीत गल्लीभर कर्णे लावतात. एकच आरती प्रत्येक कर्ण्यातून किंचित मागेपुढे येते. गल्लीतून चालत जाताना काही सूर दणकून उठतात, काही चक्क विरतात. इथेही तसंच. फ्रिक्वेन्सी कॉम्ब म्हणजे समान अंतरावरच्या लेसर-रेषांचा कंगवा, प्रत्येक रेषा म्हणजे एक नेमका रंग (भौतिकशास्त्रज्ञ हान्श आणि हॉल यांच्या २००५च्या नोबेलमागे हेच तंत्र होतं). मायक्रोवेव्ह सिग्नल (म्हणजे उच्च फ्रिक्वेन्सीचा रेडिओ सिग्नल) मॉड्युलेटरने, म्हणजे प्रकाशावर सिग्नल चढवणाऱ्या उपकरणाने, सगळ्या रेषांवर एकदम चढवायचा आणि लांब काचेच्या फायबरमध्ये सोडायचा. काचेत प्रत्येक रंगाचा वेग निराळा. रेषांच्या फ्रिक्वेन्सींमध्ये १० गिगाहर्ट्झ अंतर आणि २५ किलोमीटर साधं फायबर, म्हणजे चर्चगेट ते अंधेरीच्याही थोडं पुढे, धरलं तर शेजारच्या दोन रेषांच्या पोचण्यात साधारण ३४ पिकोसेकंदांचा (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) फरक पडतो. शेवटी फोटोडायोड, म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा भाग, सगळ्यांची बेरीज करतो. जुळलेल्या फ्रिक्वेन्सी उरतात, बाकीच्या एकमेकींना मारतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे: रेषांची उंची (म्हणजे प्रखरता) घंटेच्या आकारात ठेवली की फिल्टरचा पट्टाही, म्हणजे त्यातून पार होणाऱ्या फ्रिक्वेन्सींचा भाग, घंटेसारखाच मिळतो, बाजूचे नकोसे उंचवटे जवळजवळ गायब. सिग्नल न चढवलेल्या रेषा वेगळ्या वाटेने आणून तिथला उशीर बदलला, तर आकार न बिघडता पट्टा हवा तिथे सरकतो.