सोलापूर-मुंबई विमानाला खरंच किती वेळ लागतो?
मालक, तुम्ही विचारलंय की ३६० किमीला ताशी ८०० नं जाणारं विमान अर्ध्या तासात का पोचत नाय. अहो ८०० चा स्पीड वर गेल्यावर, आणि एवढ्या जवळच्या अंतरात वर चढून झालं की लगेच खाली उतरायची तयारी सुरू होते, त्यात मुंबईला रनवेवर गर्दी असली की आकाशातच घिरट्या. शिवाय तिकिटावरचा टाइम म्हणजे इथल्या विमानतळावर विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून तिथं जाऊन थांबेपर्यंतचा, म्हणून तास-सव्वा तास दाखवतात ते बरोबरच आहे.

आणि ३६० हे सरळ रेषेतलं, रस्त्यानं पुण्यावरून ४०० च्या आसपास आणि रेल्वेनं साधारण ४५५ पडतं. वंदे भारतला साडेसहा तास लागतात.

होटगी रोडला, म्हणजे सोलापूरच्या विमानतळावर, तासभर आधी पोचायचं, तिकडं उतरून परत ट्रॅफिक, हे सगळं धरलं तरी घरापासून चार तासात काम होतं की. माझ्या वडलांना गुडघ्यामुळं रात्रभर गाडीत बसवत नाय, २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा आमच्या घरी सगळ्यात जास्त आनंद त्यांना झालेला. एकटे जाणार असाल तर सिद्धेश्वर एक्सप्रेस मात्र सोडू नका, रात्री झोपायचं सकाळी मुंबईत.