चैत्रातल्या यात्रेत ड्रॅगन रोलर कोस्टर अन् पाळणे: जागा देण्याआधी काय तपासायचं?

गावयात्रा_औसा
नमस्कार मंडळी. चैत्रात पाच दिवसांची यात्रा आहे. ठेकेदार ड्रॅगन ट्रेन (तो लहान रोलर कोस्टर), ४५ फुटी आकाशपाळणा, ब्रेकडान्स अन् नाव असे चार खेळ आणायलाय. जागा काळ्या रानाची, नुकताच हरभरा निघालाय. त्याच्याकडं फिटनेसचा दाखला आहे, पण मागच्या वर्षीचा, दुसऱ्या जिल्ह्यातला. "हाच चालतो सगळीकडं" म्हणायलाय. अभियंते येतीलच, पण त्याआधी समितीच्या चार माणसांनी काय बघावं? मोठे अपघात झाले तिथं नेमकं काय तुटलं होतं, तेही सांगा. ते माहीत असलं की ठेकेदारापुढं बोलता येतं.

एनडीटी_वाळूज
तो दाखला त्याच्या खिशातच राहू द्या. पाळणा ट्रकमधून उतरून पुन्हा जोडला की तो नवा पाळणा धरायचा. त्या कागदावर तिकडच्या जोडणीची तपासणी आहे, तिकडच्या जमिनीवरची. तुमच्या रानात उभारणी पूर्ण झाल्यावर यांत्रिकी विभागाचा नवा दाखला घ्या, वीज निरीक्षकांचा वेगळा घ्या. आपल्याकडं पाळण्यांच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आयएस १५४७५ आहे, त्याचं नाव घेऊन बोला.

आता काय तुटलं ते. २०१७ च्या जुलैत अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या जत्रेत फायर बॉल नावाच्या पाळण्याचा एक हात चालू खेळात तुटला, एक तरुण जागीच गेला. यंत्र १८ वर्षांचं. हाताची पोकळ पोलादी पेटी आतून गंजली होती अन् बाहेरून रंग व्यवस्थित. त्याच दिवशी तपासणी होऊन पास झालेला पाळणा तो. २०१९ च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरियात झोक्यासारख्या राईडचा मुख्य पाईपच तुटला, दोघं गेले, पंचवीसच्या वर जखमी. दोन्हीकडं भार पेलणारा हात गेला. म्हणून तुमच्या नावेचे वरचे लटकते हात अन् ब्रेकडान्सचे आडवे हात आधी बघा.

वेल्डच्या कडेला, जिथं वेल्ड संपून मूळ पत्रा सुरू होतो, तिथं बॅटरी तिरपी धरून बघा. रंगावर केसासारखी रेघ अन् तिच्यातून तांबूस ओघळ दिसला तर तिथं चीर आहे असंच समजा. एकाच सांध्यावर ताजा, जाड रंग असेल तर तेवढा रंग काढायला लावा. मग डाय पेनिट्रंट टेस्ट, म्हणजे चिरेत मुरणाऱ्या लाल रंगानं चीर शोधायची. तीन डबे येतात. क्लीनरनं जागा पुसून लाल डाय मारा, १० ते १५ मिनिटं मुरू द्या. वरचा डाय क्लीनरनं ओलसर केलेल्या फडक्यानं पुसा. क्लीनर थेट फवारू नका, चिरेतला डायही धुऊन निघतो. मग पांढरा डेव्हलपर. दहा मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तो खेळ बंद.

पण आतला गंज यानं कळत नाही. त्याला अल्ट्रासोनिक जाडीमापक लागतं, म्हणजे पाईपची भिंत मूळ किती अन् उरली किती ते कळतं. पेटीला खालून पाणी निघायचं भोक आहे का अन् ते मातीनं बुजलंय का, एवढं तर तुम्हालाही बघता येईल.

फिटर_चाकूर
वरचं सगळं बरोबर, पण यात्रेत निम्मा घोळ पिनांचा असतो. मुख्य पिनेच्या टोकाला ती निसटू नये म्हणून आर-क्लिप किंवा स्प्लिट पिन पाहिजे. तिथं खिळा, बाइंडिंग वायर, वाकवलेली वेल्डिंग रॉड असं काही दिसलं की ठेकेदाराला बोलवा. स्प्लिट पिन एकदाच वापरायची, सरळ करून पुन्हा घातलेली नको. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा दर्जा, ८.८ किंवा १०.९, कोरलेला असतो; काहीच नसेल तर तो दुकानातला साधा बोल्ट. नटाबाहेर किमान दोन आटे दिसले पाहिजेत. कसून झाल्यावर नट-बोल्टवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून घ्या. दुसऱ्या दिवशी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.

काळ्या रानाचं तर विचारूच नका. वरची भेगाळलेली ढेकळं काढून मुरूम दाबून घ्या, त्यावर रुंद लाकडी स्लीपर (जाड ठोकळे). विटा अन् फरश्यांचे तुकडे चालणार नाहीत, ते फुटतात. रोज सकाळी चारी पायांवर पाणसळ लावा. वळवाची एक सर पडली तरी माती फुगून मऊ होते, पाणसळ पुन्हा लावल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही. ताणाच्या वायररोपला बुलडॉग क्लिप (दोराची दोन पदरं आवळणारी) किमान तीन. क्लिपचं बूड ताणाच्या दोरावर, यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर. उलटं लावलं की यू-बोल्ट ताणाच्या दोरालाच चावतो. बघा जाऊन, एक तरी उलटी सापडेलच.

गावयात्रा_औसा
लई उपयोगी. ड्रॅगनचं राहिलं. चढावर डबे मागं सरकले तर?

ट्रॅक_अँड_ब्रेक
मोठ्या पार्कातल्या कोस्टरमध्ये साखळी डबे चढावर ओढते अन् "टक-टक" आवाज येतो तो खटक्यांचा. साखळी तुटली तरी खटका दात्यात अडकून डबे धरून ठेवतो. १९७२ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कात बिग डिपर नावाच्या कोस्टरचे डबे चढत असताना ओढदोर सुटला, डबे धरणारी यंत्रणा चालली नाही, डबे उलटे घसरले अन् पाच मुलं गेली. जत्रेतल्या ड्रॅगनला मात्र बहुतेक वेळा साखळीच नसते, मोटर डब्यातच असते अन् रुळालगतच्या पट्टीतून वीज घेते. म्हणून तिथं खटक्याऐवजी वीज गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक तपासा. रिकामी गाडी चढावर असताना मेन स्विच पाडा, गाडी मागं गेली नाही पाहिजे. त्या विजेच्या पट्टीला आच्छादन पाहिजे अन् चौफेर कठडा पाहिजे.

चाकं तीन तऱ्हेची: रुळावरची, बाजूची अन् रुळाखालून धरणारी. खालचं चाक नसेल किंवा झिजून खडखड आवाज करत असेल तर चढाच्या माथ्यावरून उतरताना गाडी रुळावरून उचलते.

एका वेळी एकच गाडी पळवायची. २०१५ मध्ये इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कात स्मायलर नावाच्या कोस्टरवर एक रिकामी गाडी अडकली होती. यंत्रणेनं पुढची गाडी थांबवून ठेवली होती, पण माणसांनी तो इशारा चुकीचा समजून बाजूला सारला. १६ जखमी, दोन मुलींचे पाय कापावे लागले. ऑपरेटरनं "सेन्सर खोटं बोलतोय" म्हणून बायपास मारलेला दिसला तर खेळ लगेच बंद करा.

मांडीवरच्या दांड्याचं एक लक्षात घ्या. एका दांड्याखाली दोघं बसले की तो जाड माणसाच्या मांडीवर अडकतो अन् शेजारचं लेकरू मोकळं राहतं. उंची मोजायची पट्टी तिकिटाच्या खिडकीपाशी लावा, चढायच्या पायरीपाशी नको. तिथं पोहोचलेलं लेकरू परत फिरत नाही अन् ऑपरेटरही फिरवत नाही.

वायरमन_परळी
जनरेटरच्या न्यूट्रलला अर्थिंग केलंय का बघा. प्रत्येक खेळाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) अन् त्याचं टेस्ट बटण रोज संध्याकाळी दाबायचं. सांगाड्याला दोन ठिकाणी अर्थिंग. सापळ्यावर बांधलेल्या एलईडी माळांचे उघडे सांधे हेच जास्त दगा देतात.

गावयात्रा_औसा
वाऱ्याचं काय करावं? संध्याकाळी वावटळ सुटते.

ट्रॅक_अँड_ब्रेक
युरोपच्या मानकात चालू खेळासाठी वाऱ्याची मर्यादा १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. बनवणाऱ्यानं कमी दिली असेल तर ती पाळा. मापक हातात धरून जमिनीवर उभं राहू नका, पाळण्याच्या माथ्याच्या उंचीला बांधा. वारा वाढला की पाळणा रिकामा करताना समोरासमोरच्या जोड्या उतरवायच्या, एका बाजूनं सलग उतरवलं की चाक जड बाजूला फिरतं.